फक्त संध्याकाळी लावायचं सेंट

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. कारण ही गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली त्याने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, मान डोलावली, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे रे. आता सोडलीस ना." मग मी घसा सुकेपर्यंत बोललो ते कुणासाठी? पण आज दुकानातले मामा म्हणाले, "लिहून टाक. बोलायला गेलास की समोरचा तोंडाजवळ येतो, वास घेतो. लिहिलेल्याला वास नसतो." हे मात्र पटलं.

तर आधीच सांगून ठेवतो. मी दारू पीत नाही. कधीही प्यायलेलो नाही. खोकल्याच्या औषधाचं एक झाकण घेतलं तरी मी अर्धा दिवस खुर्चीत डोलतो. ही माहिती मी नम्रपणे देत नाहीये. चिडून देतोय.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. फ्रेम बसवायची, कानामागची दांडी वाकवायची, नाकावरचे पॅड सरळ करायचे, लेन्सला भोक पाडायचं. हे सगळं मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. मोडक्या फ्रेमा आणि मोबाइलवरचे व्हिडिओ, एवढ्यावर शिकलो. या धंद्यात गिऱ्हाइकाचा चेहरा आणि आपला चेहरा यांच्यात वीतभर अंतर असतं. त्यामुळे माणूस आपल्या वासाबद्दल फार हळवा होतो. माझा वास म्हणजे लेन्स पुसायचं औषध आणि यंत्रातला ओला चुरा. ओल्या पाटीसारखा. असा वास घेऊन माणूस मोठा होत नाही, असं माझं ठाम मत झालं होतं. आणि मला मोठं व्हायचं होतं, कारण आमचे मालक पुलापलीकडे दुसरं दुकान उघडत होते आणि त्याच्या किल्ल्या कुणाकडे द्यायच्या ते ठरायचं होतं.

मालकांची दारूवर खुन्नस आहे. त्याला कारण मामा. मामा म्हणजे माझे मामा नव्हेत, कुणाचेच नव्हेत. ते मागच्या खोलीत लेन्स घासतात. एकेकाळी पुढचं सगळं काउंटर त्यांच्याकडे यायचं होतं, पण संध्याकाळच्या बाटलीने त्यांना मागच्या खोलीत ढकललं ते कायमचंच. सकाळी त्यांचा हात इतका स्थिर असतो की बघत राहावं. दुपारच्या चहानंतर, बाटलीची वेळ जवळ येते तसा, कापायला लागतो. मग बारीक भोकं मी पाडून देतो, आणि ते मला मालकांच्या मूडची बातमी देतात. वयाने माझ्या दुप्पट, पण त्या दुकानात मित्र म्हणावा असा माणूस तेवढाच.

"शनिवारी संध्याकाळी घरी जेवायला या," मालक म्हणाले. "तूही, मामाही. तुमच्या वहिनींनाही बघू दे तुला."

वहिनी म्हणजे मालकांच्या मिसेस. दुकानाच्या पाटीवर नाव मालकांचं आहे, पण दुकान कुणाचं आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे ही मुलाखत होती.

मी शुक्रवारी मॉलमध्ये गेलो. सेंटच्या काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, "सर, दिवसाचं हवंय की संध्याकाळचं?"

वासालाही शिफ्ट असते हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळचं म्हणालो.

"मग हे बघा. खास पुरुषांसाठी, उबदार. जुन्या रमचं लाकडी पिंप, दालचिनी, व्हॅनिला, थोडासा तंबाखू. लावलं की आधी रम येते. अर्ध्या तासात ती जाते, मग मागे लाकूड आणि गोडवा राहतो. खरा वास तोच. म्हणून निघायच्या अर्धा तास आधी लावायचं, आणि एकदाच लावायचं."

त्या अगदी स्वच्छ बोलल्या होत्या, त्यांचा काही दोष नाही. मी फक्त 'उबदार' आणि 'पुरुषांसाठी' एवढंच ऐकलं. रम म्हटल्यावर मला केक आठवला. बाटली पण काय सुंदर होती. चपटी, खांद्यांना गोलसर, आत तपकिरी सोनेरी पाणी, वर धातूचं झाकण, पुढे पिंपाचं चित्र. शर्टाच्या आतल्या खिशात अलगद बसेल अशी. मला ती ऐटबाज वाटली. तुमच्या डोळ्यांपुढे आत्ता जे आलं ते माझ्या डोळ्यांपुढे का आलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

नाकाची एक हलकट खोड आहे. ज्या वासात आपण उभे असतो, तो वास नाक थोड्या वेळात विसरून जातं. आपल्याला वाटतं उडाला. उडालेला नसतो. अख्ख्या जगाला येत असतो, फक्त आपल्याला येत नसतो. मी त्याच संध्याकाळी घरी आल्या आल्या तालीम म्हणून सेंट लावलं, थोड्या वेळाने हुंगून बघितलं, काहीच नाही. फसवलं, म्हटलं. परत लावलं. जिन्यात एकदा लावलं, गॅलरीत एकदा लावलं. म्हणजे दर वेळी त्या अर्ध्या तासाचं घड्याळ मी स्वतःच्या हाताने मागे फिरवत होतो.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, थांबली, आणि परत आत गेली. मग आतून भांडी मोठ्याने वाजायला लागली. मी आत गेलो तर ती पाठ करून उभी.

"काय झालं?"

"काही नाही. मोठा झालास."

"आई, हे सेंट आहे."

"हो का. तुझ्या काकांचं पण सुरुवातीला होमिओपॅथीच होतं."

मी बाटली दाखवायला खिशातून काढली तर तिने पदर तोंडाला लावला आणि माझ्या मोठ्या बहिणीला फोन केला. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. काकूंना आमच्या घरातली बातमी आमच्याआधी कळते. त्या माझ्यासमोर बसून आईशी बोलत होत्या, मी जणू कपाट होतो.

"त्याला रागावू नका. रागावलं की जास्त घेतात. माझ्या दिराला आम्ही प्रेमाने वळवला."

"सुटली का त्यांची?" आईने विचारलं.

"नाही. पण प्रेमाने वळवला."

मग त्यांनी लिंबू सांगितलं, ताक सांगितलं, डोक्यावर गार पाणी सांगितलं, आणि जाताना माझ्याकडे बघून, "लवंग चघळ रे. चारचौघांत तेवढं तरी सांभाळावं माणसाने," असा आपुलकीचा सल्ला दिला. आईने खरंच डबीभर लवंगा माझ्या हातात ठेवल्या. माझी आई. जिने मला बोटाला धरून चालायला शिकवलं, ती मला आता सरळ चालतोय का ते दारातून बघत होती. आणि कुणी बघतंय म्हटल्यावर सरळ चालणं किती अवघड असतं ते करून बघा एकदा. मी टेबलाला धडकलो.

त्या गडबडीत मी जरा मोकळी हवा खायला खाली गेलो, तर लिफ्टमध्ये आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. हे निवृत्त हेडक्लार्क. इमारतीत त्यांना सगळे 'सूचना' म्हणतात, कारण बोलायच्या गोष्टीही ते फलकावर लावतात. मला बघून ते नाकाला रुमाल लावून मजल्यांचे आकडे मोजत राहिले. शनिवारी सकाळी फलकावर कागद: "काही तरुण सभासद लिफ्टमध्ये नको त्या अवस्थेत आढळले आहेत. लिफ्ट कुटुंबांसाठी आहे याची नोंद घ्यावी."

मी तडक त्यांच्या दारात.

"हा कागद काढा."

"यात तुमचं नाव आहे का?"

"नाही."

"मग तुम्ही का आलात?"

"कारण हे माझ्याबद्दल आहे."

"म्हणजे तुम्ही मान्य करताय," म्हणून ते पेन शोधायला लागले.

"मी काहीही मान्य करत नाहीये. तो सेंटचा वास होता."

"मग सेंट लावलेल्याने अंगावर का घ्यावं? हे बघा, लावलेली सूचना काढायची तर ज्याची तक्रार आहे त्याची संमती लागते."

"तक्रार कुणाची आहे?"

"माझी."

"मग द्या संमती."

"मी स्वतःच्या तक्रारीवर स्वतःच कशी संमती देणार? पक्षपात होईल. कमिटीपुढे ठेवावं लागेल. कमिटी महिनाअखेरीस बसते." आणि दार लावता लावता, "तोपर्यंत जिन्याने गेलात तर बरं."

आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो.

शनिवारी संध्याकाळपर्यंत मी तीनदा अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, आणि इथे कुणीही शहाण्या माणसाने ती बाटली कपाटात ठेवली असती. पण मी रागात होतो. माझं म्हणणं असं की मी चूक केलेली नाही, तर मी का घाबरायचं? शिवाय वस्तू घेतली होती ती याच संध्याकाळसाठी. मी लावलं. वर पावडर मारली. तोंडात दोन लवंगा टाकल्या, बाटली आतल्या खिशात ठेवली, स्कूटर काढली. पुलाच्या तोंडाशी पोलिसांनी अडवलं.

"लवंग कशाला चघळताय?"

"वास जावा म्हणून."

"कसला वास?"

बघा, खरं बोलणाऱ्या माणसाची कशी पंचाईत होते. त्यांनी यंत्र पुढे केलं. मी फुंकलं. शून्य. त्यांनी यंत्र तळहातावर आपटलं. परत फुंकलं, शून्य. मग त्यांनी दुसऱ्या पोलिसाला हाक मारली, त्याने आपलं यंत्र आणलं. शून्य. दोघं माझ्या शर्टाजवळ नाक आणून उभे राहिले आणि एकमेकांकडे बघायला लागले. पहिला हळूच म्हणाला, "कुठली आहे?"

"काय कुठली?"

"मशीनला कळत नाही ती."

"साहेब, सेंट आहे. अंगाला लावायचं."

"प्यायचं नाही?"

"नाही."

"मग काय उपयोग," असं म्हणून तो खरोखर हिरमुसला.

मला एकदम कल्पना सुचली. म्हटलं, "साहेब, मी प्यायलेलो नाही असं लिहून द्या ना. आज फार गरज आहे."

"तसा कागद नसतो. प्यायलेल्याला पावती मिळते. न प्यायलेल्याला काही मिळत नाही, तो घरी जातो."

"पण मला सिद्ध करायचंय."

"मग प्या आणि या. लगेच देतो."

या देशात, म्हणजे कुठल्याही देशात, सरळ माणसाची काही नोंदच नाही. मी घामाघूम होऊन मालकांच्या इमारतीखाली पोचलो. हुंगून बघितलं. काहीच नाही, घाम सोडून. आता घामाच्या वासाने वहिनींपुढे जायचं? मी लिफ्टच्या आरशासमोर उभा राहून ते सेंट मानेला, मनगटाला, आणि वर आणखी एकदा शर्टाला लावलं.

दार मालकांनी उघडलं. हसतच उघडलं होतं. मग ते हसू जागच्या जागी वाळलं.

"आत या," म्हणाले, पण 'या' असं म्हणाले की बाहेरच थांबावंसं वाटलं.

आत वहिनी, आणि एका कोपऱ्यात मामा, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून, अवघडून बसलेले. त्या दिवशी ते थेंबही न घेता आले होते. हात मांडीखाली दाबून बसले होते, तेवढ्यावरून मला कळलं. मी आत आलो तशी त्यांनी मान वर केली, एक लांब श्वास घेतला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मालक," मी म्हणालो, "हा वास तुम्हाला वाटतोय तो नाही."

"मला काय वाटतंय?"

"दारू."

"मी दारूचं नावही काढलं नाही."

मग मामा बोलले. "मालक, ही दारू नाही. दारूसारखं काहीतरी आहे, पण दारू नाही. मी सांगतो."

"तुम्ही सांगताय?" मालक म्हणाले.

"मग या खोलीत दुसरं कोण सांगणार?"

पण माझा एकमेव जाणकार साक्षीदार म्हणजे ज्याच्या साक्षीला दमडीची किंमत नाही असा माणूस होता. मी म्हटलं, पुरावाच दाखवतो. आणि आतल्या खिशात हात घालून, मालकांच्या दिवाणखान्यात, वहिनींच्या समोर, मी ती चपटी बाटली बाहेर काढली.

मालकांनी उठून खिडकी उघडली.

"सेंट आहे," मी म्हणालो, आणि सिद्ध करायला झाकण काढून हवेत फुस्स केलं.

वहिनींनी चष्म्यावरून बघितलं. "आता स्प्रेमध्येपण मिळायला लागली?"

रागाने माझे कान तापले. म्हटलं, "वहिनी, प्यायलेल्या माणसाचा हात कापतो. तुमच्या चष्म्याची उजवी दांडी ढिली आहे, मघापासून बघतोय. द्या इकडे." बिजागरीचा स्क्रू तिळाएवढा असतो. तो चिमटीत धरून भोकात सोडायचा आणि फिरवायचा, भरउजेडात टेबलावरही माणसं दोन-तीनदा पाडतात. मी उभ्या उभ्या, खिशातल्या छोट्या पेचकसाने, एका झटक्यात बसवला. चष्मा पुसून वहिनींच्या हातात दिला. त्यांनी घातला, मान हलवून बघितली. जागचा हलला नाही.

"बघा," मी म्हणालो. "हात कापला?"

"नाही ना," मालक हताशपणे म्हणाले. "एवढा वास आणि हात कापत नाही. म्हणजे चांगलाच मुरलेला आहे."

मामांना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं, पण मी ते अजून विसरलेलो नाही. जेवताना मला कुणी काही वाढायला विचारलं नाही, पाणी मात्र तीनदा विचारलं.

सोमवारी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा.

"वहिनींचं म्हणणं पडलं," ते म्हणाले. "हात चांगला आहे. आणि खोटं बोलताना तोंड लाल होतं, म्हणजे मुळात प्रामाणिक आहे. सुधारेल. मामांच्या वेळी मी वाट बघत बसलो आणि माणूस वाया घालवला. तुझ्या बाबतीत तसं करणार नाही. माझ्यासमोर म्हण, आजपासून सोडली. किल्ल्या तुझ्या."

"पण मालक, मी घेतच नाही."

"हेच. हेच मामा म्हणायचे."

आता माझी अवस्था बघा. सोडली म्हणालो नाही तर मी खोटारडा पिणारा. म्हणालो तर कबूल झालेला पिणारा. आणि किल्ल्या फक्त कबूल झालेल्यासाठी होत्या. न पिणाऱ्यासाठी त्या टेबलावर काहीही नव्हतं. काचेतून मागच्या खोलीत मामा दिसत होते. ते लेन्स घासायचं थांबवून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांनी मान हळूच, फक्त एकदा, खाली केली. म्हण.

"सोडली," मी म्हणालो.

"कधी?"

"आत्ता."

मालकांचे डोळे भरून आले. मी किल्ल्या घेतल्या. एवढी मोठी गोष्ट मिळाली आणि मला एवढा अपमान कधी वाटला नव्हता.

नंतरचे दिवस तर विचारूच नका. आईने मला जवळ घेतलं. काकू म्हणाल्या, "प्रेमाने वळवलं की वळतो." सूचनांनी जुना कागद काढून नवा लावला: "मनावर घेतल्यास सुधारणा शक्य आहे. लिफ्ट सर्वांसाठी खुली आहे." मालक नव्या दुकानात गिऱ्हाइकांना माझी ओळख करून देताना आवाज खाली आणतात, आणि गिऱ्हाईक चष्मा न बघता माझ्याकडे कौतुकाने बघतं. आणि मागच्या खोलीत जाऊन मालक मामांना म्हणाले, "एवढासा पोरगा एका शब्दावर सोडतो. तुम्हाला काय झालंय?"

हे मला मामांनीच सांगितलं, आज संध्याकाळी. ते पुलापलीकडे नवं दुकान बघायला आले होते. मी शटर अर्धं ओढलं होतं. ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

"कसं वाटलं रे, सोडली म्हणताना?"

"संताप आला."

"अजून?"

"अपमान वाटला."

"बस, एवढंच?" ते म्हणाले. "मला वाटत होतं फार दुखत असेल."

मग म्हणाले, ती बाटली दाखव. दिली. त्यांनी मनगटावर एकदाच फुस्स केलं. मी दोनदा बोलायला गेलो, त्यांनी हाताने थांबवलं. अर्धा तास आम्ही रस्त्यावरून जाणारे पाय बघत बसलो, शटरखालून दिसत होते तेवढे. लिहून टाक, असं ते मध्येच म्हणाले ते तेव्हाच. मग त्यांनी मनगट माझ्या नाकाखाली धरलं.

दारू गेली होती. सुतारकामाच्या ताज्या लाकडाचा वास येत होता, आणि त्यामागून काहीतरी गोड, ऊन पडलेल्या खोलीसारखं. चांगला होता वास. मी तो पहिल्यांदाच घेत होतो.

"थोडं थांबायचं होतंस फक्त," मामा म्हणाले.

त्यांनी बाटलीला झाकण लावलं आणि ती मला परत दिली. ते म्हणाले, "मला पण म्हणून बघायचंय. पण एकट्याने नाही. एकट्याने सोडली की सगळी दुनिया रोज येऊन तोंडाशी नाक लावते. आज घेतली का, काल घेतली का. दोघं असलो तर निम्मी नाकं तुझ्याकडे जातील. तुला सवय आहे."

"मामा, मी घेतच नाही. तुम्हाला तरी माहीत आहे."

"म्हणून तर तुला विचारतोय. तू तरी परत सुरू करणार नाहीस."

त्यांना सातची वेळ अवघड जाते म्हणे. तेव्हा पाय आपोआप त्या गल्लीकडे वळतात. मी त्यांना शब्द दिला आहे. उद्यापासून रोज सातला मी शटर अर्धं ओढणार, ते पुलावरून इकडे येणार, आम्ही चहा घेत बसणार, कुणी वाकून विचारलंच तर मी आधी तोंड पुढे करणार. उद्या मामा सोडणार आहेत. त्यांच्याबरोबर मीही सोडणार आहे. दुसऱ्यांदा.